मोठा नंबर, पातळ पडदा

(गेल्या वर्षीच्या उत्सवात आम्ही दोघांनी मिळून केलेले हे भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके केले आहे, बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आरती आणि प्रसाद यांच्या मधे डॉक्टरांचे भाषण ठेवण्याची आपल्या मंडळाची पद्धत जुनी आहे. प्रसाद मिळाल्याशिवाय कोणी उठत नाही, हे कार्यकर्ते चांगले ओळखून आहेत. आम्ही दोघेही डोळ्यांचे डॉक्टर. आमच्यातले एक जण पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे काम पाहतात, दुसरे मोतीबिंदूचे आणि लहान मुलांचे. आणि दोघांपैकी एकाचा स्वतःचा नंबर मायनस अकरा आहे. कोणाचा, ते चष्म्याकडे बघून कळतेच आहे. तेव्हा आज जे सांगू ते निम्मे पुस्तकातले आणि निम्मे घरातले समजा.

मोतीबिंदूवर आम्ही बोलणार नाही. त्यावर या सभागृहातल्या आज्या आमच्यापेक्षा जास्त बोलू शकतील. आम्ही बोलणार आहोत मोठ्या मायनस नंबरावर, म्हणजे मायनस सहा आणि त्यापुढे. आपल्या प्रत्येक घरात असा एक जण सापडतो. शाळेत त्याला ‘ढापण्या’ म्हणतात, घरात ‘अभ्यासू’ म्हणतात, आणि चष्म्याच्या काचा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या असल्या तरी ‘चष्मा लावला की सगळे दिसते ना’ म्हणून विषय संपवतात. नंबर म्हणजे चष्म्याच्या दुकानातली गोष्ट, दवाखान्यातली नव्हे, असा आपला समज आहे. तीन-चार नंबरापर्यंत तो बऱ्यापैकी चालून जातो. त्यापुढे चालत नाही.

का चालत नाही ते सांगतो. साधारण माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. मायनस नंबर येतो तो बहुतेक वेळा डोळा लांबीला वाढल्यामुळे. एक मिलिमीटर वाढला की अडीच ते तीन नंबर पडतो. म्हणजे मायनस दहा-बारा नंबरवाल्याचा डोळा २८ मिलिमीटरच्या आसपास गेलेला असतो. चार मिलिमीटर ऐकायला काही नाही. पण डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला जो पडदा चिकटलेला आहे, तो मुळातच पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. डोळा मोठा झाला म्हणून पडदा काही नवा येत नाही. गोळा तेवढाच आणि पोळी मोठी लाटायची, अशी ती गत. पोळी पातळ होते, कडेला चिरते, आणि कुठे कुठे आतले पुरण दिसायला लागते. आमच्या खुर्चीवरून आत डोकावले की असेच दिसते: पडदा पातळ, त्याखालचा रक्तवाहिन्यांचा थर विरळ, आणि काही ठिकाणी तर थेट डोळ्याची पांढरी भिंत.

चष्मा प्रकाशाची किरणे योग्य जागी आणून टाकतो. डोळ्याची लांबी तो कमी करत नाही. कोणतेही तेल, कोणताही व्यायाम, गाजराचा रस, पहाटेच्या गवतावर चालणे, यांनीही ती कमी होत नाही. (गवतावर जरूर चाला. मधुमेहाला चांगले.)

आता या पातळ पडद्याला दोन ठिकाणी धोका असतो. एक कडेला, एक मधोमध. दोन्हींची लक्षणे वेगळी, घाई वेगळी. आधी कडेचे सांगतो, कारण त्यात तासांचा हिशेब असतो.

डोळ्याच्या आत अंड्याच्या पांढऱ्यासारखा एक दाट, पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. त्याला व्हिट्रियस म्हणतात. वय वाढले की तो पातळ होतो, आकसतो आणि पडद्यापासून सुटतो. हे सगळ्यांचेच होते, साठीच्या सुमारास. मोठ्या नंबरवाल्यांचे ते बरेच आधी होते. सुटताना तो जिथे पडद्याला घट्ट धरून असतो तिथे ओढतो. पडदा ओढला गेला की डोळ्यात वीज चमकल्यासारखे होते, विशेषतः अंधारात, कडेच्या बाजूला. सुटलेले धागे आणि कण डोळ्यापुढे तरंगतात: काळे ठिपके, माशा, कोळिष्टके, कोणी ‘केस आला आहे’ म्हणून डोळा चोळत राहतो. अशी नवी लक्षणे घेऊन येणाऱ्यांत साधारण सातांपैकी एकाच्या पडद्याला चीर पडलेली सापडते. उरलेल्या सहांना आम्ही चहा पाजून घरी पाठवतो. पण तो सातवा कोण, हे बाहेरून कळत नाही. त्यालाही दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि चष्म्याने अक्षरे अगदी नीट वाचता येतात.

चिरेतून पाणी पडद्यामागे शिरते आणि पडदा भिंतीवरून सुटू लागतो, पावसाळ्यात भिंतीवरचा रंग सुटतो तसा. रुग्णाला एका बाजूने काळी सावली किंवा पडदा सरकत आल्यासारखा दिसतो. ती सावली मध्यापर्यंत पोचायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर नजर बहुधा पूर्वीसारखी राहते. मध्यबिंदू सुटल्यावर झाली तर पडदा पुन्हा चिकटतो, पण वाचनाची नजर पूर्ण येईलच असे नाही.

आपल्या उत्सवांतलेच एक उदाहरण सांगतो. मंडळ कुठले ते विचारू नका. पंचेचाळिशीतले एक कार्यकर्ते, नंबर मायनस नऊ. गौरी आल्या त्या रात्री त्यांना उजव्या डोळ्यात विजा दिसल्या. दुसऱ्या दिवशी काळ्या माशा. त्यांच्याकडे मिरवणुकीची जबाबदारी, ट्रकवाल्यांचे पैसे, पोलीस परवानगी. ‘एकदा विसर्जन होऊ दे, मग दाखवू’ असे ठरले. घरच्यांनीही तेच म्हटले, कारण दुखत नव्हते आणि डावा डोळा बंद करून कोणी पाहिले नव्हते. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाचे झाकून घेतो. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले तेव्हा उजव्या डोळ्याने समोरच्या माणसाचे तोंड दिसत नव्हते. शस्त्रक्रिया झाली, पडदा चिकटला. आज त्यांना त्या डोळ्याने चालता-फिरता येते, बोटे मोजता येतात, वर्तमानपत्र वाचता येत नाही. गौरींच्या रात्रीनंतर लगेच आले असते तर बहुधा दहा-पंधरा मिनिटांच्या लेसरवर काम भागले असते. चीर असते तोवर तिच्याभोवती लेसरचे टाके घालता येतात. पडदा सुटल्यावर नुसता लेसर पुरत नाही.

म्हणून मोठ्या नंबरवाल्यांना आमचे एवढेच सांगणे. नव्या विजा, अचानक वाढलेले ठिपके किंवा बाजूने येणारी सावली दिसली, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर हनुवटी ठेवून हे दिसत नाही. डॉक्टर डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून, अगदी कडेपर्यंत पाहतात, ती तपासणी हवी. थेंब घातल्यावर तीन-चार तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. तेव्हा स्कूटर चालवायला बरोबर कोणाला तरी न्या. ‘बरोबर यायला कोणी नव्हते’ म्हणून तपासणी चार दिवस पुढे गेलेली आम्ही नेहमी पाहतो. बरोबर यायला शेजारचा मुलगाही चालतो.

वर्षानुवर्षे असलेले, तेच ते दोन-चार ठिपके यात धरू नका. त्यांची सवय होते.

थोडे मागे जाऊ. डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली केले. त्याआधी पडदा सुटणे हे निदानच जिवंत माणसात नीट होत नव्हते. निदान व्हायला लागल्यावरही जवळजवळ सत्तर वर्षे इलाज नव्हता. अंथरुणावर उताणे झोपवून ठेवायचे आणि वाट पाहायची. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डॉक्टर ज्यूल गोनँ यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले, की मूळ दोष त्या चिरेत आहे. ती शोधा, बंद करा, पडदा आपोआप बसतो. पुष्कळ मोठ्या डॉक्टरांना हे बरीच वर्षे पटले नाही. पुढे जर्मनीतल्या मायर-श्विकेराथ यांनी १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेले रुग्ण पाहिले आणि त्यावरून विचार केला, की प्रकाशाने डाग पडतो, तर तोच डाग आपण हवा तिथे पाडला तर? सुरुवातीला त्यांनी आरशांनी चक्क सूर्यप्रकाशच आत सोडला. आजचा लेसर हा त्याच विचाराचा नातू. ग्रहण पाहू नये हे आपल्याकडे पूर्वीपासून सांगतात. कारण काहीही सांगितले असेल, सल्ला बरोबर होता.

आज पडदा सुटल्यावर पहिल्याच शस्त्रक्रियेत तो चिकटण्याचे प्रमाण शेकडा ८५ ते ९० च्या घरात आहे. बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बसवतात, किंवा आतला व्हिट्रियस काढून गॅस अथवा सिलिकॉन तेल भरतात. गॅस भरला असेल तर काही दिवस डॉक्टर सांगतील तसे डोके ठेवावे लागते, पुष्कळदा पालथे. घरात एक जण पालथा झोपला आहे आणि पाहुणे भेटायला येत आहेत, त्याला उठून बसावे लागते आहे, असे होऊ देऊ नका. आणि गॅस जिरेपर्यंत विमान आणि घाट दोन्ही बंद. वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. गॅसच्या प्रकाराप्रमाणे हे दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत चालते. पुण्याला लग्न असले तरी. या काळात दुसऱ्या कशासाठी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना गॅसचे आधी सांगायचे.

कडेला लॅटिस नावाचे पातळ पट्टे पुष्कळांना असतात. रिपोर्टवर तो शब्द वाचून घाबरू नका. शंभरात सात-आठ लोकांना ते असतात आणि बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. प्रत्येक लॅटिसला लेसर लागत नाही. एका डोळ्याचा पडदा सुटलेला असेल, घराण्यात कोणाचा सुटला असेल, विजा दिसत असतील, तर विचार वेगळा होतो. शंका आली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. आम्हाला राग येत नाही, निदान यायला नको.

आता मधोमध. पडद्याच्या मध्यावरच वाचणे, चेहरे ओळखणे, सुई ओवणे अवलंबून असते. फार लांब डोळ्यात मागची भिंत फुगवटा धरते, आतल्या थरांना बारीक तडे जातात, आणि कधी त्या तड्यांतून नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या झिरपतात, रक्त सांडते. हे साठी-सत्तरीतच होते असे नाही. तिशी-चाळिशीतल्या, नोकरीच्या ऐन भरातल्या माणसांना होते. सरळ रेघ वाकडी दिसू लागणे हे पहिले लक्षण. यावर डोळ्यात इंजेक्शने देतात. ऐकायला भयंकर वाटते, पण डोळा बधिर करून काही सेकंदांत होते. मोठ्या नंबरामुळे झालेल्या या आजारात म्हातारपणच्या तशाच आजारापेक्षा सहसा कमी इंजेक्शनांत भागते, मात्र लवकर सुरू केली तर. उशीर झाला की तिथे व्रण राहतो.

हे घरच्या घरी पाहता येते. आपल्यापैकी बहुतेकांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. महाराष्ट्र सोडून चार पिढ्या झाल्या तरी ते आहेच. चष्मा लावा, नेहमीच्या वाचायच्या अंतरावर उभे राहा, एक डोळा तळहाताने झाका आणि मधल्या एका तारखेकडे बघा. चौकटींच्या रेघा सरळ आहेत का? एखादी तारीख पुसट किंवा गायब आहे का? मग दुसरा डोळा. महिन्याचे पान उलटताना एकदा एवढे केले तरी पुरे. रेघ वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा.

फार मोठ्या नंबराबरोबर काचबिंदूही जास्त आढळतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. म्हणून वर्षातून एकदा पडदा आणि दाब दोन्ही.

आता जरा नाजूक विषय. आपल्याकडे लग्न ठरवताना नंबर लपवतात. मुलीचा जास्त लपवतात. बघण्याच्या कार्यक्रमाआधी लेसर करून चष्मा घालवतात. लेसरला आमचा विरोध नाही, डोळा योग्य असेल तर तो चांगला उपाय आहे. पण त्याने बुबुळावरचा पारदर्शक भाग तासला जातो, डोळा होता तेवढाच लांब राहतो, पडदा होता तेवढाच पातळ. चष्मा गेला, नंबराची जोखीम गेली नाही. पाच-सात वर्षांनी त्या मुलीला विजा दिसल्या तर सासरी कोणाला माहीतच नसते की हिचा नंबर मायनस आठ होता, आणि तिलाही ते सांगायचे नसते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचेही तसेच. भिंग बसवले, साठाव्या वर्षी प्रथमच चष्म्याशिवाय दिसायला लागले, आजोबा खूष, ‘माझा नंबर उतरला’ म्हणून सगळ्यांना सांगतात. त्यांच्या डोळ्याचा पडदा सुटण्याची शक्यता ऑपरेशननंतर थोडी वाढलेलीच असते. म्हणून जुना नंबर कागदावर लिहून आधार कार्डाबरोबर ठेवा. लेसर झालेल्यांनी तर नक्कीच, कारण पुढे मोतीबिंदूचे भिंग काढताना आधीचे आकडे माहीत नसतील तर हिशेब चुकू शकतो. शिवाय डोळ्यातला दाब मोजताना तो खऱ्यापेक्षा कमी दाखवतो.

आणखी एक. ‘मोठा नंबर आहे, सिझेरियनच करा, कळा सोसताना पडदा सुटेल’ असे पूर्वी सर्रास सांगत. ज्या अभ्यासांत मोठ्या नंबराच्या बायकांचे डोळे बाळंतपणाआधी आणि नंतर तपासले, त्यांत नैसर्गिक बाळंतपणामुळे पडद्याचे नुकसान झालेले दिसले नाही. नंबर एवढेच कारण असेल तर सिझेरियनची गरज नाही. आधी एकदा पडदा तपासून घ्या, म्हणजे सगळे निर्धास्त.

मुलांबद्दल थोडक्यात, कारण मागची रांग आता कंटाळली आहे. आई-वडील दोघांचा मायनस नंबर असेल तर मुलाला तो येण्याची शक्यता जास्त. पण सगळा दोष घराण्याचा नाही. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीतल्या मुलांच्या वेळापत्रकात रोज ४० मिनिटे उघड्यावर घालवायला जोडली. तीन वर्षांनी नव्याने नंबर लागलेली मुले त्या शाळांत शेकडा ३० होती, नेहमीच्या शाळांत शेकडा ३९. तैवानमध्ये रोज दोन तास बाहेर, असे धोरणच आहे. बाहेरचा उजेड हेच त्यातले औषध मानले जाते, खेळ कोणताही चालतो. नंबर झपाट्याने वाढत असेल तर अ‍ॅट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने देतात. त्यांनी वाढ मंदावते, आलेला नंबर जात नाही. ‘कमी नंबरचा चष्मा द्या म्हणजे वाढणार नाही’ हा आग्रह सोडा. त्याने वाढ थांबत नाही, फळ्यावरचे तेवढे दिसत नाही. आणि शाळेत जायच्या आधीच मोठा नंबर निघाला, तर नुसता चष्मा करून थांबू नका, त्या मुलाची पूर्ण तपासणी करा.

कार्यकर्त्यांनी चिठ्ठ्या आणून दिल्या आहेत. तीनच घेतो.

एक: ‘मायनस दहा नंबर आहे, ढोलपथकात वाजवले तर चालेल का?’ चालेल. ढोलाने पडदा सुटत नाही. चालणे, पळणे, सूर्यनमस्कार सगळे चालते. डोळ्यावर थेट मार बसेल असे खेळ टाळा. गुलाल उधळणाऱ्यांपासून जरा लांब. शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीपर्यंत जातो, ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी ते करू नये.

दोन: ‘मोबाइलने पडदा खराब होतो का?’ मोबाइलच्या उजेडाने नाही. मुलांचा नंबर वाढतो तो सतत जवळचे बघण्याने आणि घरात बसून राहण्याने. पुस्तकही तेवढेच जवळ धरले तर तेच.

तीन, एका काकूंची: ‘दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. जुना चष्मा वहिनीने देऊन टाकला. आधी नंबर किती होता आठवत नाही, जाड काचा होत्या एवढे आठवते. आता काय?’ काकू, ऑपरेशनचे कार्ड असेल ना घरी? त्यावर भिंगाचे एक छोटे स्टिकर चिकटवलेले असते, त्यावर आकडा असतो. साधारण डोळ्याला २० ते २२ च्या आसपास भिंग लागते. डोळा जितका लांब तितका आकडा कमी. तुमच्या कार्डावर दहाच्या आतला आकडा असेल तर तुमचा डोळा लांब आहे, काही जणांना तर शून्याचे भिंग बसते. तो आकडा फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि सुनेलाही पाठवा. कार्डही सापडले नाही तर डोळ्याची लांबी मोजायला दोन मिनिटे लागतात, दुखत नाही, थेंबही लागत नाहीत.

आता प्रसाद आला आहे.